अडकित्त्याचं कोटेशन

बँकेत तीन कोटेशनांना जो मान आहे, तो आमच्या घरी दत्ताच्या तीन शिरांनाही नाही. कर्ज मागायला माणूस एकटा येतो, कोटेशनं मात्र तीन लागतात. मग त्या तिघांचा एक तुलनात्मक तक्ता होतो. डावीकडे बाबी, उजवीकडे आकडे, आणि ज्याचा शेवटचा आकडा सर्वांत लहान त्याच्याभोवती तांबड्या शाईचं वर्तुळ. फ्रीज असो, पिठाची गिरणी असो की दुभती म्हैस असो, तक्ता हा हवाच. म्हशींची कोटेशनं मी पाहिली आहेत. तिन्ही म्हशी एकाच गोठ्यातल्या आणि तिन्ही कोटेशनांतलं अक्षर एकाच मुलाचं. पण म्हैस तक्त्यात चपखल बसते. चार पाय, दोन वेळचं दूध, एक किंमत.

रोह्याच्या बँकेत खर्डेघाशी करणाऱ्यावर तशी जबाबदारीही मोठी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण या गावात गेलं. 1943 साली ते गव्हर्नर झाले. ज्या गावच्या मुलाने पुढे नोटांवर सही केली, त्या गावात बेरीज चुकली तर पाप दुप्पट लागत असणार, असं मला उगाचच वाटत असतं.

तर अशा या गावात, आमच्या शाखेत, गेल्या वर्षी एक प्रकरण आलं ते म्हशीइतकं सरळ नव्हतं. अर्जावर लिहिलं होतं, 'हायड्रॉलिक शिअर अटॅचमेंट, नग 1.' मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि 'शेअरवर आपण देत नाही,' म्हणून अर्ज परत सरकवला.

"शेअर नाही हो साहेब, शिअर! कात्री!" अर्जदार शेठ कळवळून म्हणाले, "पोकलेनच्या हाताला लावायची कात्री!"

पोक्लँ ही मुळात फ्रान्समधली कंपनी. पण आपल्याकडे चेनवर चालणारं, मान फिरवणारं आणि लांब हाताचं जे जे काही, ते सगळं पोकलेन. मग ते जपानी असो की कोरियन. वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसंच हे. त्या पोकलेनच्या हाताची मातीची बकेट काढायची आणि तिथे लोखंडाचा जबडा बसवायचा. तो तेलाच्या दाबाने मिटतो आणि गर्डर काकडीसारखा कापतो, असं शेठ म्हणाले. साहेबांनी काकडीकडे दुर्लक्ष केलं आणि तीन कोटेशनं आहेत का, ते विचारलं. होती. ती माझ्या टेबलावर आली. मी कॉमर्सचा पदवीधर. कॉलेजात 'यंत्रसामग्री' हा शब्द मी घसाऱ्याच्या गणितापुरताच पाहिला होता.

शेठचा धंदा दोन पायांवर उभा. एक पाय पेणला, एक रोह्याला. पेणला जुनी घरं, गोदामं, पडीक इमारती पाडायच्या. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा बंद पडलेला कारखाना लिलावात घ्यायचा आणि त्याचं भंगार करायचं. मी राहतो पेणला आणि नोकरी रोह्याला, त्यामुळे शेठचे दोन्ही पाय माझ्या पासाच्या हद्दीत येतात. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा एवढ्या प्रवासात मी ती कोटेशनं वाचायचो. समोरचा प्रवासी पेपर वाचून संपला की माझ्या कागदांत डोकवायचा आणि जबड्याचं चित्र पाहून विचारायचा, "डायनासोर काय?"

प्रकरणाचा खरा अर्थ मात्र मला चित्रांतून कळला नाही. तो शेठच्या मिस्त्रींनी सांगितला.

शेठकडे गॅस कटिंगचं काम करणारे चौघे. त्यांतले वयाने थोरले ते मिस्त्री. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढुरके ठिपके आहेत. ठिणग्यांनी तीस वर्षांत काढलेली रांगोळी ती. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की गॅसने लोखंड वितळवून कापतात असं लोक समजतात ते खोटं. "लोखंड जळतं, साहेब. आधी ज्योतीने लाल करायचं, मग त्यावर ऑक्सिजनचा फवारा सोडायचा. ते आपणच पेट घेतं आणि वाट देतं. पण स्टेनलेस हट्टी. ते जळतच नाही, नुसतं तोंड काळं करतं." आणि धाटावचे कारखाने पडले रसायनांचे. तिथल्या टाक्या, नळ आणि कढया बहुतेक स्टेनलेसच्या.

गॅसवाल्यांची कामगिरी लहान नव्हे. आपली जुनी 'विक्रांत' 2014 साली मुंबईत दारूखान्याला तोडली, ती अशाच माणसांनी, अशाच ज्योतींनी. पुढे 2016 साली त्या पोलादातलं काही बजाजच्या मोटारसायकलीत गेलं आणि लोकांनी ती कौतुकाने विकत घेतली. कापणाऱ्यांच्या हातांवरचे ठिपके कोणी विकत घेत नाही.

"जहाज परवडलं," मिस्त्री म्हणाले, "पण रिकामी टाकी नको. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. भरलेलीत काय आहे ते दिसतं तरी. रिकामीत नुसता वास असतो, आणि ज्योत लागली की तोच उठतो." त्यांचा मेहुणा दुसऱ्या एका यार्डात अशाच रिकाम्या टाकीवर बसून कापत होता. तीन महिने दवाखान्यात होता. आता पानाची टपरी चालवतो, कारण उभं राहायला लागत नाही. शेठने नुकत्याच घेतलेल्या कारखान्यात अशा पाच टाक्या होत्या. पाट्या पुसलेल्या, पोटात काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही.

"शेठना सांगितलंय," मिस्त्री म्हणाले, "कात्री आली की पहिली तिला टाकीपाशी पाठवा. आम्ही लांब उभे राहून बघतो."

मी तक्ता उघडला. त्यात किंमत होती, जीएसटी होता, वॉरंटी होती. 'मेहुणा' अशी बाब नव्हती.

आता कोटेशनं. पहिल्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जोर 400 टन. तिसऱ्यात बारीक अक्षरांत, जोर 90 टन. दुसऱ्यात या दोघांच्या मधलाच काहीतरी आकडा. पहिलं सर्वांत स्वस्त आणि तिसरं जवळजवळ दुप्पट महाग. म्हणजे कमी पैशात चौपट जोर! वर्तुळ काढायला तांबडं पेन टोपणातून बाहेर येऊ घातलं होतं. पण चाळीस रुपये किलोने डझनभर हापूस देतो म्हणणाऱ्याकडे माणूस जसा पाहतो, तसा मी त्या 400 कडे पाहत राहिलो.

उत्तर घरात मिळालं. आमच्या आईला जेवणानंतर श्रीवर्धनी रोठा सुपारी लागते. ती तिचा पितळी अडकित्ता घेऊन बसली होती. आख्खी सुपारी तिने अडकित्त्याच्या खिळ्याला भिडवून फोडली. मग तोच तुकडा खिळ्यापासून लांब, मुठीकडे सरकवून त्याची कात काढायला लागली. मी विचारलं, फोडताना आत का? ती म्हणाली, "अरे, खिळ्यापाशी जोर असतो. इकडे धरून फोडायला गेलास तर मनगट जाईल, सुपारी राहील."

एवढंच होतं ते. कात्री काय, अडकित्ता काय, खिळ्यापासून जितकं लांब तितका जोर कमी. जबड्याच्या घशात जोर प्रचंड आणि टोकाला त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी असू शकतो. पहिल्याने घशातला जोर छापला होता, तिसऱ्याने टोकाचा. दुसऱ्याने कुठला ते लिहिलंच नव्हतं. लग्नाच्या बाजारात एकाने पगार भत्त्यांसकट सांगावा, दुसऱ्याने 'बरा आहे' म्हणावं आणि तिसऱ्याने फक्त हातात पडणारा सांगावा, तसला प्रकार. मी तिघांनाही फोन केले. घशात किती, मध्ये किती, टोकाला किती, आणि तेलाचा दाब किती धरून, ते लिहून पाठवा म्हटलं. एक जण म्हणाला, "साहेब, बँकवाले हे विचारत नाहीत." मी म्हटलं, आमच्या आईने विचारलंय.

आकडे आले तेव्हा तिघांच्या जोरात सख्ख्या भावांइतकाच फरक निघाला.

पण जोर म्हणजे सगळं नव्हे, हेही हळूहळू कळत गेलं. तेलाच्या दाबाची ही युक्ती पास्कलच्या नियमावर चालते. तिचा दाबयंत्र म्हणून धंद्यात उपयोग केला जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज गृहस्थाने, 1795 साली. गंमत म्हणजे हा मुळात कुलूपवाला. दाब सगळीकडे सारखा, तेव्हा पिस्टन जितका रुंद तितका जोर जास्त. पण रुंद पिस्टनला तेलही जास्त लागतं, म्हणजे जबडा मिटायला वेळ जास्त. पोकलेनचा पंप मिनिटाला ठरावीक लीटरच तेल देणार. म्हणजे जोर आणि वेग ही एकाच पगारावर बसलेली दोन माणसं. एकाला जास्त दिलं की दुसरा कुरकुरणार. यावर तोड म्हणून चांगल्या कात्रीत एक झडप असते. जबडा रिकाम्या हवेत भरकन मिटत येतो आणि लोखंडाला लागला की मगच सावकाश, पूर्ण जोराने दाबतो. आमचे साहेबही रजेचा अर्ज असाच वाचतात. पहिल्या कोटेशनात ही झडप नव्हती.

आणखी एक गोष्ट कोटेशनात नव्हती. शेठच्या पोकलेनला ब्रेकरचे नळ आधीच बसवलेले होते. शेठ समजत होते, तेच नळ कात्रीला चालतील. पण ब्रेकरला तेल एकाच दिशेने जातं. त्याला फक्त ठोकायचं असतं. कात्रीला मिटायचंही असतं आणि उघडायचंही असतं, म्हणून तेल दोन्ही दिशांनी द्यावं लागतं. शिवाय कात्री गोल फिरणारी असेल तर फिरवायला वेगळे नळ. हा खर्च वेगळा. मुलगी दाखवताना बोलायचा नाही आणि हॉल बुक झाल्यावर सांगायचा, अशा खर्चांत त्याची गणना होते.

वजनाचं प्रकरण तर थेट पत्रिकेचंच. कात्री दोन ठिकाणी बसते. एक, हाताच्या टोकाला, बकेटच्या जागी. दोन, पुढचा आर्मच काढून टाकून थेट बूमला. बूमला लावली तर त्याच पोकलेनवर पुष्कळ मोठी कात्री पेलते, जोर वाढतो. पण हात आखूड होतो आणि बकेट परत लावायची तर आर्मसकट सगळा संसार पुन्हा मांडावा लागतो. ज्याच्याकडे दुसरं मशीन आहे आणि ज्याच्या यार्डात माल आपण होऊन कात्रीपाशी येतो, त्याला हे स्थळ उत्तम. शेठकडे बावीस टनांचं एकच पोकलेन. तेच सकाळी भंगार कापणार आणि तेच दुपारी माती भरणार. त्याला आर्मच्या टोकाची, दोन टनांच्या आसपासची कात्रीच बरी. याहून जड घेतली तर हात लांब केल्यावर पोकलेन पुढे झुकून लोखंडाला नमस्कार करतं. पहिल्या कोटेशनातली होती बूमला लावायची, तीही न फिरणारी. न फिरणारी काही वाईट नव्हे. फिरवायची मोटर नाही, तेवढी तेलगळती नाही. पण उभ्या इमारतीतला गर्डर कधी आडवा, कधी तिरका. तिथे कात्रीने मान वळवली नाही तर सगळं पोकलेन वळवावं लागतं.

हे झालं रोह्याचं. पेणची गोष्ट निराळी. तिथे काँक्रीट पाडायचं. शेठचा ब्रेकर पेणला बदनाम झाला होता, कारण पेण हे गणपतींचं गाव. कुठल्याही आळीत शिरा, कोणाच्या तरी पडवीत शाडूचे गणपती फळीवर वाळत असतात. एका जुन्या गोदामावर ब्रेकर चालू झाला आणि शेजारच्या कारखान्यातल्या फळ्या थरथरू लागल्या. कारखान्याचे मालक धोतराचा सोगा सावरत आले आणि म्हणाले, "शेठ, आमच्या एका बाप्पाचा कान पडला तर तुमचे दोन्ही उपटीन."

यावर उपाय आहे. ब्रेकर ठोकतो. त्याऐवजी काँक्रीट चावणारा जबडा मिळतो. तो तुळई धरतो आणि कुरकुरीत पापडासारखी चुरतो. हादरा जवळजवळ नाही, आतल्या सळ्या सुट्या. दिल्लीजवळ नोएडाचे दोन मनोरे 28 ऑगस्ट 2022 ला सुमारे 3,700 किलो स्फोटकांनी पाडले, तो सोहळा सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. पण पेणच्या आळीत तो करता येत नाही. तिथे चावतच बसावं लागतं. मात्र चावणारा जबडा निराळा आणि कापणारा निराळा. भंगार कापायच्या कात्रीने काँक्रीट चावायला गेलं तर पात्यांची धार दगडाच्या भुकटीने जाते. विळीवर नारळ फोडण्यातलाच प्रकार.

तिसरं, महागडं कोटेशन नेमकं इथे खुणावत होतं. एकच अंग आणि त्याला बदलायचे चार जबडे. एक लोखंडाला, एक काँक्रीटला, एक चुरा करायला, एक पत्र्याच्या टाक्यांना. ऐकायला झकास. पण आमच्या घरी सहा भांड्यांचा मिक्सर आहे. त्यातलं चटणीचं भांडं रोज लागतं. उरलेली पाच माळ्यावर आहेत, आणि त्यांतल्या एकाचं झाकण कोणालाच लावता येत नाही. जबडा बदलायला पिना काढायच्या, दोन टनांचं ओझं तोलून धरायचं, पुन्हा पिना घालायच्या. ज्याला रोज दोन्ही कामं आहेत त्याने जरूर घ्यावं. शेठचं पेणचं काम वर्षातून चार-सहा महिने. मी म्हटलं, काँक्रीटचा जबडा भाड्याने आणा. ते शेठना पटलं. हिशेबाने पटलं की गणपतीवाल्यांच्या धाकाने, ते विचारलं नाही.

मग प्रात्यक्षिक ठरलं. पहिल्या आणि दुसऱ्या कोटेशनवाल्यांनी आपापली मशिनं एका यार्डात आणली. दोघांनीही कापून दाखवायला आपापलं लोखंड आणलं होतं, स्वच्छ, सरळ, रंगवलेलं. शेठ म्हणाले, "ते राहू द्या, हे कापा." त्यांनी तीन वस्तू काढल्या. एक आय बीम, एक जाड स्टेनलेसचा नळ आणि चुरगळलेला छपराचा पत्रा.

बीम दोघांनीही कापला. मिस्त्री बाजूला उभे होते. ते म्हणाले, "ह्याला मला एक चहा लागला असता." त्या दिवसापासून मी कापण्याचं मोजमाप चहांत करतो. नळाच्या वेळी तोंडाची गोष्ट आली. नळ आधी चेपावा लागतो, मग कापला जातो. तोंडात मावलाच नाही तर जोर काय करणार? शेठचा ऑपरेटर झारखंडचा, मितभाषी. तो एवढंच म्हणाला, "साब, टन तो कागज पे है. मुँह कितना खुलता है, वो देखो."

खरी परीक्षा पत्र्याने घेतली. जाड लोखंड कापणं सोपं, पातळ अवघड. शिंप्याची कात्री सैल झाली की कापड कापलं न जाता पात्यांत दुमडून बसतं, तसंच. दोन पात्यांमधली फट कागदासारखी बारीक राहायला हवी. पहिल्याच्या जबड्यात पत्रा घडी होऊन असा रुतला, की तो काढायला शेवटी मिस्त्रींनाच गॅस घेऊन जावं लागलं. मिस्त्रींच्या तोंडावर त्या वेळी जे समाधान होतं, ते मी बोनसच्या दिवशीही कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. दुसऱ्याच्या कात्रीत फट बसवायची सोय होती आणि पात्याला चार धारा. एक बोथट झाली की पातं वळवून दुसरी पुढे घ्यायची. बनियन उलटं करून घालण्यासारखं, पण शास्त्रोक्त.

शेवटी कोणीतरी बिडाचा एक जुना पंप जबड्यात दिला. बीड कापलं जात नाही, फुटतं. त्याचा मुठीएवढा तुकडा माझ्या डोक्यावरून सूं करत गेला आणि पलीकडच्या कुंपणात बसला. ऑपरेटरच्या केबिनपुढे जाड जाळी हवीच हवी, ही बाब मी तिथल्या तिथे, थोड्या थरथरत्या अक्षरात, तक्त्यात वाढवली.

तक्ता असा वाढतच गेला. नळांचा खर्च, जाळी, पात्यांचा जादा संच, बूमला बसवायचा जोडखांब. एकेक बाब पहिल्या कोटेशनाखाली लिहीत गेलो. बेरीज झाली तेव्हा सर्वांत लहान आकडा दुसऱ्याचा होता. साहेबांना नियम मोडावा लागला नाही, वर्तुळ आपण होऊन सरकलं. एक बाब मात्र मी बिनआकड्याची ठेवली. 'ज्योतीशिवाय कापणी' असं लिहिलं आणि पुढे तिन्ही रकान्यांत 'होय'. तिन्ही ठिकाणी सारखंच उत्तर असेल तर तुलनेत ती बाब कशाला, असं पुढे ऑडिटरने पेन्सिलीने विचारलं. मी त्याला मिस्त्रींच्या मेहुण्याच्या टपरीवर पान खायला नेलं.

कात्री आली. टाक्या आधी पाण्याने धुतल्या, आतली हवा तपासून घेतली. कात्री झाली म्हणून धुणं चुकत नाही. लोखंड लोखंडावर घासलं तरी ठिणगी पडू शकते. मग ऑपरेटरने जाळीआडून जबड्याचं टोक टाकीच्या पोटात घातलं. आम्ही सगळे लांब, गेटपाशी. काहीही झालं नाही. टाकी उभी चिरली, मग आडवी, मग भट्टीवाल्यांना लागतात तसे पाच फूट बाय दोन फुटांच्या आतले तुकडे पडले. जालन्याला जाणाऱ्या ट्रकमध्ये ते संध्याकाळी चढलेसुद्धा. मिस्त्री शेवटपर्यंत उभे होते. पाचवी टाकी झाल्यावर त्यांनी शेठना विचारलं, "आता आमचं काय?" शेठ म्हणाले, "रूळ कोण कापणार? जाड शाफ्ट कोण कापणार? ती कात्री खाते होय?" ती खात नाही, हे खरं आहे. चौघांतले दोघे गॅसवर राहिले, एक जण ऑपरेटरच्या हाताखाली शिकतो आहे, आणि चौथा, मिस्त्रींचा पुतण्या, रोज सकाळी पात्यांचे बोल्ट आवळतो आणि ग्रीस भरतो.

आता एकच काम राहिलं आहे. कर्जाने घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर 'बँकेकडे नजरगहाण' अशी पाटी रंगवावी लागते आणि ती आहे की नाही हे मला दर तिमाहीला जाऊन पाहावं लागतं. म्हशीच्या बाबतीत बिल्ला कानात असतो. कात्रीवर पाटी पहिल्यांदा जबड्यावर रंगवली, ती दुपारपर्यंत टिकली. मग मानेवर रंगवली, ती दोन दिवस टिकली. गेल्या खेपेला शेठने ती पिस्टनच्या झाकणावर आतल्या बाजूला लिहून घेतली आहे. दिसत नाही, पण ऑपरेटर म्हणतो की आहे. मी रजिस्टरमध्ये 'पाटी पाहिली' असं लिहिण्याआधी त्याला जबडा पूर्ण उघडायला सांगितला आणि बॅटरी घेऊन खाली वाकलो, तर मिस्त्री मागून ओरडले, "साहेब, डोकं बाहेर काढा, आधी मशीन बंद करू द्या!"